बाटलीचं रॉकेट आणि नाकातला शाडू



काडी मोडलेलं दिवाळीचं रॉकेट कधी पेटवलंय का? पेटवू नका. स्वारगेटला आमच्या चाळीत एका पोराने ते केलं आणि रॉकेट आकाशाऐवजी समोरच्या बिऱ्हाडात वाळत घातलेल्या धोतरात शिरलं. आम्ही सगळ्यांनी मार खाल्ला, पण एवढ्याशा काडीचं एवढं काय, ते कुणी सांगितलं नाही. ते कळलं पन्नाशीनंतर, रॉकेटची मॉडेलं करायचा नाद लागल्यावर.

रॉकेटचं वजन जिथे तोललं जातं ती जागा पुढे हवी आणि वाऱ्याचा जोर एकवटतो ती मागे. मग टोक जरा कललं, तरी वाराच शेपूट ढकलून त्याला वाटेवर आणतो. काडीचं काम हेच. जुन्या मराठी फौजांतले बाण, म्हणजे बारूद ठासलेल्या नळ्या, लांब बांबूला बांधत तेही यासाठीच. टिपूचे लोखंडी नळीचे बाण १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागले. त्यावरून इंग्लंडच्या विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेटं बनवली, त्यांनाही काठी होतीच.

रॉकेटची मॉडेलं करायचा छंद सुरू झाला अमेरिकेत. नेब्रास्कातल्या ऑरविल कार्लाईल या बूटविक्रेत्याने १९५४ मध्ये छत्रीने खाली उतरणारं छोटं रॉकेट केलं. पुढे व्हर्न एस्टेस यांनी बारुदाची छोटी इंजिनं यंत्रावर भराभर बनवली आणि तिथल्या पोरांना ती विकत मिळू लागली. आपल्याकडे बारूद म्हटलं की १८८४ चा स्फोटकांचा कायदा आला, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. घरात दारू कुटायच्या फंदात कुणी पडू नये. रॉकेटचं घन इंधन हा आपल्या पुण्यातच जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांच्यासारख्यांचा प्रांत. आपण पाणी आणि हवा घ्यावी.

अशा रॉकेटला बाटली दोन लिटरची, सोड्याचीच. साध्या पाण्याची बाटली दाबाला टिकत नाही. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व, रबरी बूच, काट्याचा पंप हे सगळं नाना पेठेत चालत जाऊन आणता येतं. तिसरा हिस्सा पाणी, चाळीस पाउंड हवा, आणि खिटी लांबून ओढायला दोरी. पाणी खाली उसळतं, बाटली वर. सगळं पाणी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपतं.

आठवडा जातो तो त्याआधी, पंखांत आणि रंगात. पंख पुठ्ठ्याचे, तीन किंवा चार, अगदी सारखे कापलेले. नाकात वजन म्हणून मी गणपतीचा उरलेला शाडू भरला. घरी दोरीला बांधून डोक्याभोवती गरगरा फिरवलं, तर नाक पुढे ठेवून छान फिरलं. दोन दिवसांनी मैदानावर मात्र त्याने वर जाताच कोलांटी घेतली. शाडू वाळला होता, वाळून हलका झाला होता! तेव्हापासून नाकात मुलांचा मेणासारखा क्ले, आणि उडवण्याआधी दोरीची परीक्षा पुन्हा.

रंगाचंही असंच. हौसेने तीन हात दिले की शेपूट जड होतं. बाटलीवर स्प्रे मारायचा नाही, त्यातल्या द्रावणाने प्लॅस्टिक कमजोर होतं. पॉलिश पेपरही लावायचा नाही. बाटली कोरी ठेवून पंख आणि नाक रंगवावं. पहिलं मी हिरवं रंगवलं होतं, ते झाडीत दिसेना. आता नाक भगवं असतं. पंख एक काळा, एक पांढरा, म्हणजे रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का ते खालून कळतं. चंद्राकडे जाणाऱ्या सॅटर्न ५ वरचे काळे-पांढरे पट्टे काही शोभेचे नव्हते.

स्वारगेटला उडवायला आकाश कुठलं? वायरी, पूल, गाड्या. म्हणून पिशवीत रॉकेट घालून सासवडची बस धरतो आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात उतरतो. मागच्या खेपेला वारा पडला नव्हता, तरी घाई केली. छत्री उघडली आणि रॉकेट सावकाश बांधापलीकडच्या अंजिराच्या बागेत गेलं. बागवाला हातात ते घेऊनच आला. म्हणाला, "अहो काका, पाणी आणलंच होतं तर झाडाला तरी घालायचं!"