मेडिकल बोर्डाचं ते एक वाक्य

आज लखनौच्या चौकातून बोलतोय. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ याच शहरात आहे, म्हणून आजचा विषय अपंगत्व पेन्शनचा.

आजारी किंवा जखमी जवानाला घरी पाठवताना मेडिकल बोर्ड दोन गोष्टी लिहितं: अपंगत्व किती टक्के, आणि ते सेवेमुळे आलं किंवा बळावलं का. टक्के किमान 20 लागतात. पण भांडण बहुधा दुसऱ्या गोष्टीवरून होतं. 'सेवेशी संबंध नाही' एवढं लिहिलं की पेन्शन अडलीच.

सिग्नल्सचे जवान धरमवीर सिंग यांचं असंच झालं. 1985 साली भरती. 1994 साली फिट्सच्या आजारामुळे, 20 टक्के अपंगत्व घेऊन घरी. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. बोर्डाने कारणंही लिहायला हवीत.

म्हणून अहवालाची प्रत मागून घ्या. कारण लिहिलंय का, ते बघा. नसेल तर मुदतीत अपील करा, मग न्यायाधिकरण. महाराष्ट्रातल्यांसाठी खंडपीठ मुंबईत आहे. सीआरपीएफ, बीएसएफच्या जवानांचा रस्ता मात्र वेगळा. त्यांनी उच्च न्यायालयात जायचं.

धरमवीर सिंग एकोणीस वर्षं थांबले. तुम्ही थांबू नका. ही खैरात नाही, हक्क आहे. जय हिंद!