मुशीचा सांगाडा आणि पेशींची पकड

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या कोळीवाड्यांत परिचित असलेल्या मुशी आणि पाकट या माशांच्या अंगात खऱ्या अर्थाने हाड नसते. त्यांचा सारा सांगाडा कास्थीचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्यात जाणवणाऱ्या लवचीक ऊतीचा बनलेला असतो. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात, पेशीही विरळ असतात, आणि त्या पेशींनीच स्रवलेल्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या जाळ्यात त्या अडकलेल्या असतात. तीन साखळ्यांचा पीळ असलेली कोलॅजेनची रचना मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954 च्या सुमारास मांडली, हे भारतीय श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

‘अडकलेल्या’ हा शब्द मात्र अपुरा आहे, कारण पेशी या जाळ्याला धरून असतात. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली इंटिग्रिन नावाची प्रथिने अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांच्या जोडीने बनतात; त्यांचे बाहेरचे टोक मॅग्नेशियमच्या आयनाच्या साहाय्याने कोलॅजेनवरील ठरावीक जागा पकडते, तर आतले टोक पेशीच्या अंतर्गत तंतूंशी जोडलेले असल्याने बाहेरचा ताण आत पोहोचतो. सस्तन प्राण्यांच्या कास्थीत अल्फा-दहा बीटा-एक ही जोडी विशेष महत्त्वाची ठरते: ज्या उंदरांत अल्फा-दहा साखळी तयारच होत नाही, त्यांच्या हाडांच्या टोकांजवळील कास्थीच्या वाढीच्या पट्टीतील पेशींच्या रांगा विस्कटतात आणि लांब हाडे किंचित आखूड राहतात.