चिटाचं कापड आणि आपलं नाव
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



चिटाचं कापड आपल्याला माहीत आहे. पण हेच चीट दूर हॉलंडच्या बायकाही घालायच्या. १६०२ साली तिथं डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. आपल्या वेंगुर्ल्यातही तिची वखार होती. मछलीपट्टणमच्या बाजूचे कारागीर तुरटी, मेण आणि नीळ वापरून सुती कापडावर फुलं काढायचे. कंपनी ते जहाजानं न्यायची. डच भाषेत त्याला 'सिट्स' म्हणतात, म्हणजे शब्दही आपल्या चिटाचाच!

हिंडेलोपेन गावच्या बायका त्याचे लांब झगे शिवायच्या. शिवण त्यांची, कापड आपलं. दुखवट्यात निळं-पांढरं चीट घालायची रीत होती. कापड एवढं आवडलं, कारण धुतल्यावर रंग जात नव्हता. पुढे गिऱ्हाइकाला पांढरी जमीन हवी झाली. कारागिरांनी नक्षी बदलली, पण रंगाचं काम पक्कंच ठेवलं.

आज ते कपडे तिथल्या संग्रहालयांत जपून ठेवलेत. रंगवणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नाही.

म्हणून तायांनो, प्रदर्शनाला माल नेण्याआधी एक तुकडा धुऊन बघा. रंग गेला तर तो माल नेऊ नका. करवती काठाची पिशवी असो की गोधडी, चिठ्ठीवर गटाचं, गावाचं आणि शिवणाऱ्या ताईचं नाव लिहा. दर काढताना सुता-कापडासोबत आपले तासही धरा. कोणी म्हणालं, "घरीच तर करता," तर सांगा, घरचा वेळ फुकटचा नसतो.