जर्मन विशेषणांचे प्रत्यय आणि आपली मराठी
(विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



जर्मन भाषेचे नाव आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी 1921 साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. आज आपली मुले-मुली नर्सिंगसाठी, उच्च शिक्षणासाठी तिकडे जाऊ पाहतात. 2024 साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करारही केला. मुले क्लासला नाव घालतात, फी भरतात आणि विशेषणांचा तक्ता आला की गळतात. घरात परदेशी भाषेचे पुस्तक पहिल्यांदाच उघडलेले असते. मग "हे आपल्याला जमणारे नव्हे" हे वाक्य फार लवकर तोंडी येते. बँकेची नोकरी सांभाळून, चाळिशी उलटल्यावर आम्ही ही भाषा शिकत आहोत. आमचे म्हणणे असे की, हा तक्ता इंग्रजापेक्षा मराठी माणसाला सोपा जावा.

कारण उघड आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल असे आपण रोजच बोलतो. तीन लिंगे आपल्याकडे आहेत, जर्मनमध्येही आहेत; इंग्रजाच्या विशेषणाला त्यांचा पत्ताच नाही. पुढे चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलांना असे म्हणताना सगळीकडे एकच "ल्या" येतो. हा "ल्या" ध्यानात ठेवा, त्याचा भाऊ पुढे भेटणार आहे.

आता जर्मनची गंमत पाहा. "डेअर गूटे मान" म्हणजे तो चांगला माणूस, पण "आइन गूटर मान" म्हणजे एक चांगला माणूस. माणूस तोच, मग "गूटे"चे "गूटर" का झाले? आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. व्हाउचरवर एका अधिकाऱ्याची पूर्ण सही असली की दुसऱ्याचे इनिशियल पुरते. "डेअर" या उपपदाच्या शेवटी "र" आहे, तो पुल्लिंग कर्त्याची खूण दाखवतो. पूर्ण सही झाली. विशेषणाने नुसता "ए" लावला तरी भागते. "आइन"ने मात्र सही केलेलीच नाही, त्यातून लिंग कळत नाही. म्हणून "र"ची सही विशेषणाला करावी लागते. नपुंसकलिंगात तसेच: "डास गूटे किंट", पण "आइन गूटेस किंट". उपपदच नसेल तर सगळा भार विशेषणावर: "काल्टर काफे" म्हणजे थंड कॉफी, "काल्टेस वासर" म्हणजे थंड पाणी, आणि थंड पाण्याने म्हणायचे तर "मिट काल्टेम वासर".

याकोब ग्रिम या पंडिताने या दोन तऱ्हांना बलवान आणि दुर्बल अशी नावे रूढ केली. आम्हाला ती नावे फारशी आवडत नाहीत. ज्याच्या वाट्याला काम आले त्याने ते केले, एवढेच.

तक्त्याची भीती मोजून घालवावी. "डेअर"च्या गटात चार विभक्ती आणि तीन लिंगे अधिक अनेकवचन, म्हणजे 16 घरे. त्यांतील 5 घरांत "ए" येतो: तिन्ही लिंगांचा एकवचनी कर्ता, आणि स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी एकवचनी कर्म. उरलेल्या 11 घरांत सरसकट "एन". हाच आपल्या "ल्या"चा भाऊ. पाच घरे पाठ करा, बाकीची आपोआप येतात.

एक जागा मात्र आपल्याला चकवते. "बाई म्हातारी आहे, माणूस म्हातारा आहे" असे आपण म्हणतो. जर्मनमध्ये विशेषण नामामागे क्रियापदाबरोबर गेले की त्याला काहीच लागत नाही. माणूस असो की बाई, "आल्ट" तो "आल्ट"च. आणि आपल्या "लाल"ला जसा कधी प्रत्यय लागत नाही, तसे तिकडे "लिला" म्हणजे जांभळा आणि "रोझा" म्हणजे गुलाबी हे शब्द प्रमाणभाषेत बदलत नाहीत.

मघाशी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गूटन मोर्गन, गूटन आबेंट, मग गूटे नाख्त का?" प्रश्न उत्तम आहे. हे सगळे "मी तुम्हाला इच्छितो" या न उच्चारलेल्या वाक्याचे कर्म आहे. सकाळ आणि संध्याकाळ जर्मनमध्ये पुल्लिंगी, म्हणून "एन"; रात्र आपल्यासारखीच स्त्रीलिंगी, म्हणून "ए".

आता वह्या उघडा. दूध म्हणजे "मिल्श", आणि जर्मनमध्ये ते स्त्रीलिंगी आहे. थंड दूध, ते थंड दूध आणि थंड दुधाबरोबर, हे तिन्ही लिहून काढा. आम्ही फळ्याशी थांबतो.