गंधर्व : शब्द आणि अर्थ
(जीर्णोद्धार समारंभप्रसंगी केलेले भाषण)



जुन्या मंदिरांत देवाच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांस, वरच्या बाजूला, हातात हार घेऊन उडणाऱ्या आकृती कोरलेल्या असतात. मुले त्यांना पऱ्या म्हणतात, कोणी देवदूत म्हणतात. जाणकार त्यांना विद्याधर किंवा गंधर्व म्हणतात.

देवदूत आणि गंधर्व यांत फरक आहे. देवदूत म्हणजे देवाचा निरोप्या. गंधर्व निरोप आणीत नाही, तो गातो.

मात्र हा अर्थ मूळचा नव्हे. ऋग्वेदातील गंधर्व बहुधा एकटाच असून सोमाचा राखणदार आहे. पारशी बांधवांच्या अवेस्ता ग्रंथात याच शब्दाचा भाऊबंद 'गंदरेव' हा राक्षस आहे! 'गंध' शब्दावरून गंधर्व झाला असे पुष्कळांना वाटते, पण त्यावर विद्वानांचे एकमत नाही. महाभारतात गंधर्व अनेक झाले. चित्रसेन गंधर्वाने अर्जुनाला इंद्रलोकी गायन-नृत्य शिकविले. अज्ञातवासात बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी वर्ष काढताना धनुष्य नव्हे, तीच विद्या अर्जुनाच्या कामी आली. पुढे संगीतशास्त्रालाच गांधर्ववेद हे नाव पडले.

महाराष्ट्राने हा शब्द आकाशातून जमिनीवर उतरविला. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास 'बालगंधर्व' म्हटले, असे सांगतात. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरापुरते राहिलेले गाणे त्यामुळे सामान्यांच्या मुलांनाही शिकता येऊ लागले.

तात्पर्य, गंधर्वपण जन्माने मिळत नाही, गळ्याने व मेहनतीने मिळते.

आज कित्येक देवळांत नगारा-घंटा विजेवर वाजतात, आरती कर्ण्यावर लागते आणि माणसे हात जोडून गप्प उभी राहतात. दगडाच्या गंधर्वाला तोंड आहे, आवाज नाही. तो आवाज गावानेच द्यावयाचा असतो. सिमेंट, फरशी, रंग हे सर्व देणगीतून आले. भजन देणगीतून येत नाही. म्हणून ज्यांनी यथाशक्ति पैसा दिला, त्यांनी आणखी एक देणगी द्यावी. घरातील एक मूल, मुलगा असो वा मुलगी, संध्याकाळी टाळ घेऊन देवळात पाठवावे.

तसे झाले तरच जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल. ही सुबुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.