पिशवी काढण्यापूर्वी



कापसाच्या भावाचं नंतर बोलू, आधी बायांच्या पिशवीचं. पुरुषांनी उठून जाऊ नये. ऑपरेशनच्या पैशासाठी सावकाराच्या दारात तुम्हीच उभे राहता.

२०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची सरकारी पाहणी झाली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीला जाणारी बहुतेक घरं आपल्यासारखीच कोरडवाहू. पाळीत खाडा झाला तर दंड, त्यात कॅन्सरची भीती घातलेली. कितीतरी जणींनी मुकादमाची उचल घेऊन ऑपरेशन केलं.

गर्भाशयातली गाठ, म्हणजे फायब्रॉइड, बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते. कपाशीवर मावा दिसला म्हणून आपण झाड उपटतो का? मात्र अंगावरून फार जात असेल तर दुखणं अंगावर काढू नका, रक्त कमी होतं. औषधं आहेत, पुष्कळदा नुसती गाठही काढता येते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच तपासा.

डॉक्टर ‘पिशवी काढा’ म्हणाले, तर सोनोग्राफीचा कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. अंडाशयंही काढणार का, हे विचारा; ती अकाली गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात. नवऱ्यानेही सोबत जावं. वेचणी एक दिवस मागे पडली तरी चालेल.