वीटभट्टीवरचे दोन हिशेब

भातकापणी आटोपून दिवाळी सरली, की जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. पावसाळ्यात चुलीसाठी घेतलेला बयाणा अंगमेहनतीने फेडणे, हा आईबापांचा हिशेब. तो सहा-सात महिन्यांचा असतो. मुलाचा हिशेब शाळेच्या वर्षाचा. जूनमध्ये पटावर चढलेले मूल नोव्हेंबरात गैरहजर होते, आणि परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. न फिटलेला बयाणा पुढील हंगामावर चढतो. म्हणजे मुलाच्या पुढील इयत्तेचा निकालही तेव्हाच लागतो.

मजुरी हजार विटांमागे ठरते आणि जोडप्याच्या नावे मांडली जाते. थापलेल्या विटा उलटवणारे चिमुकले हात त्या हजारात असतात, हिशेबाच्या वहीत नसतात. (आमची अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तकेही येथे मूग गिळून बसतात.)

उसगावच्या विधायक संसदेने १९९०च्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा बदलण्याचा हक्क दिला. परंतु धाकटे भावंड कडेवर घेतलेल्या मुलीने त्या शाळेत पोहोचावे कसे? रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करणाऱ्या महाराष्ट्राकडे आपली मागणी एवढीच, की हमीचे काम तिच्या गावात बयाण्याच्या आधी पोहोचले पाहिजे.